उरलेल्या अठ्ठावीस गोळ्या



गेल्या अंकात मुलांच्या हस्ताक्षराबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच भगिनींनी फोन केले, काहींनी मुलांच्या वह्यांचे फोटोही पाठवले. त्यांना उत्तरं द्यायची आहेत, पण ती पुढच्या वेळी. या वेळी शाळेबाहेरचा विषय घेते आहे, कारण सुट्ट्या जवळ आल्या आहेत आणि घराघरांतून बॅगा निघायला लागल्या आहेत.

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या गावांत अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांचं कुणी ना कुणी मोंबासा, नैरोबी, दारेसलाम, नाही तर केपटाऊनला आहे. कुणाचे आजोबा गलबतावरून गेले, कुणाची मुलगी तिकडे दिली. माझ्या थोरल्या बहिणीचं सासरही असंच. दुल्हेभाईंची धाकटी बहीण मोंबासाला असते. तिच्या मुलाच्या लग्नाला आपा आणि दुल्हेभाई १७ मेला निघाले आणि ७ जूनला परतले. मोजून बावीस दिवस.

घरात कागदपत्रांचं काम असलं की ते माझ्याकडे येतं. मी शिक्षिका, म्हणजे मला सगळे फॉर्म भरता येतात अशी खानदानात समजूत आहे. तिकीट, व्हिसा, सगळं मीच पाहिलं. पीतज्वराच्या लशीसाठी दोघांना मुंबईला घेऊन गेले. केनियाला जाऊन येणाऱ्याला ही लस लागतेच. प्रवासाच्या दहा दिवस आधी ती घ्यावी लागते, आणि परत येताना ते पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. त्यामुळे कार्ड दोघांनी पासपोर्टच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोन्यासारखं जपलं.

त्याच वेळी डॉक्टरांनी मलेरियासाठी रोज घ्यायची गोळी लिहून दिली. डॉक्सीसायक्लिन, १०० मिलिग्रॅम, रोज एक. आपाने जिलेटिनची शंका काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, कॅप्सूल नको असेल तर साधी गोळी मिळते, औषधवाल्याकडे तशी मागा. मिळाली. प्रत्येकी ५२ गोळ्या.

मी घरी येऊन चौकटीच्या वहीचं पान फाडलं आणि तक्ता केला. निघण्याआधीचे दोन दिवस आणि तिकडचे बावीस. चोवीस चौकटी. रोज गोळी घेतली की बरोबरची खूण करायची. ५२ गोळ्या कशाला दिल्या, हा प्रश्न मला पडला होता. पण डॉक्टर नेहमी थोडं जास्तच लिहून देतात, एखादी हरवली-बिरवली तर, असं मीच स्वतःला सांगितलं. चिठ्ठीच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या. तिसरी वाचली नव्हती. परीक्षेत प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मी अर्धे गुण कापते.

दुल्हेभाई परत आले तेव्हा त्यांनी तो तक्ता मला आणून दाखवला. चोवीसच्या चोवीस खुणा. "काय मास्तरीणबाई, पास केलंत की नाही?" मी लाल पेनाने खाली 'शाब्बास' लिहिलं. त्यांच्या गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर जाऊन पडलं.

आपा मात्र रोज रात्री जेवल्यावर एक गोळी घेत राहिली. तिला काही कळलं होतं म्हणून नव्हे. आपाचं म्हणणं एवढंच, की पैसे देऊन आणलेलं औषध फेकायचं कशाला? अम्मीची सवय आहे ही आमच्याकडे. तिनेही कधी शिळी भाकरी टाकली नाही.

२१ जूनला दुल्हेभाईंना ताप आला. पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला होता, गल्लीत दोन घरी डेंग्यू होता. जवळच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं. प्लेटलेट कमी निघाल्या. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तरी लक्षणं तशीच वाटतात, वाट पाहू, असं ठरलं. पाणी प्या, नारळपाणी प्या, पपईच्या पानांचा रस शेजारच्या खालांनी आणून दिलाच. डॉक्टरांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट म्हटल्यावर कोकणात कुणाच्याही मनात डेंग्यूच येणार. आम्ही तिघंही त्या दवाखान्यात बसलो होतो आणि तिघांपैकी एकालाही 'मोंबासा' हा शब्द उच्चारावासा वाटला नाही. परत येऊन दोन आठवडे झाले होते. प्रवास आमच्या मते संपला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुल्हेभाईंनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि लग्नाचा मंडप उतरवला का, असं विचारलं. रात्रीच गाडी काढून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. दाराशी एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिचा पहिला प्रश्न होता, "गेल्या काही महिन्यांत कुठं बाहेर प्रवास झाला होता का?"

तासाभरात काचेवरच्या रक्तात मलेरिया दिसला. फाल्सिपेरम. शिरेतून आर्टेसुनेटची इंजेक्शनं सुरू झाली. चार दिवस अतिदक्षता विभागात. अल्हम्दुलिल्लाह, माणूस घरी आला. त्या डॉक्टर मुलीने आम्हाला नंतर सांगितलं की या जातीचा मलेरिया चोवीस तासांतही हाताबाहेर जाऊ शकतो. तुम्ही सकाळपर्यंत थांबला असतात तर, एवढं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला मी आपाच्या घरी गेले. फ्रिजवर दोन पाकिटं होती. दुल्हेभाईंच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या. आपाच्या पाकिटात तेरा. चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्येच होती. तिसरी ओळ होती: परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवा.

दोन आणि बावीस आणि अठ्ठावीस, बावन्न. बेरीज चौथीच्या मुलाला जमली असती.

आपाला मलेरिया झाला नाही, तो केवळ गोळ्यांमुळेच, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. कदाचित तिला बाधित डास चावलाच नसेल. पण दुल्हेभाईंच्या बाबतीत काय घडलं ते डॉक्टरांनी समजावून दिलं, आणि मला वाटतं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. मलेरियाचा डास चावला की जंतू थेट रक्तात धुमाकूळ घालत नाहीत. ते तासाभराच्या आत यकृतात जाऊन बसतात आणि तिथं गुपचूप वाढतात. आपण दुधाला विरजण लावतो, तेव्हा पातेलं बाहेरून तसंच दिसतं ना, तसं. आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त काळ माणसाला काहीही होत नाही. मग ते यकृतातून बाहेर पडून रक्तातल्या लाल पेशींत शिरतात आणि ताप येतो. डॉक्सीसायक्लिन मुख्यतः रक्तात उतरलेल्या जंतूंना मारते. यकृतात दडून बसलेल्यांवर तिचा भरवसा नाही. म्हणजे मोंबासातल्या शेवटच्या रात्री जो डास चावला, त्याचे जंतू बाहेर पडणार ते चिपळूणला, आपल्या घरात, आणि त्या दिवशी गोळीचा अंमल रक्तात असायला हवा. म्हणून चार आठवडे. दुल्हेभाईंनी दार उघडून पहारेकऱ्याला घरी पाठवलं, आणि पाठवायला मीच सांगितलं होतं.

रोज घ्यायची दुसरी एक गोळी आहे, ॲटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल या दोन औषधांची मिळून. ती यकृतातल्या जंतूंवरही चालते, म्हणून परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. महाग आहे आणि आमच्या तालुक्याच्या औषधवाल्याकडे ती नव्हती, मागवावी लागते म्हणाला. ज्यांची मूत्रपिंडं फार कमजोर आहेत त्यांना ती चालत नाही. तिसरी मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा घ्यायची. ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवतात. लांबच्या मुक्कामासाठी आपल्या सरकारी मार्गदर्शिकेत तीच सांगितली आहे आणि सहा आठवड्यांच्या आतल्या प्रवासासाठी डॉक्सीसायक्लिन. मात्र मेफ्लोक्विनने काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन अस्वस्थ होतं. फिटचा किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. आपल्याकडे ही गोष्ट लपवण्याची फार सवय आहे, विशेषतः मुलीचं लग्न व्हायचं असेल तर.

कुठली गोळी कुणाला, हे डॉक्टरच ठरवतील. मी शिक्षिका आहे, औषधं देणं माझं काम नाही, हे मला चांगलंच कळलं आहे. पण डॉक्टरांना काय सांगायचं हे आपल्या हातात आहे. डॉक्सीसायक्लिन गरोदर बाईला आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलाला देत नाहीत. गरोदर असताना अशा भागात जाणं टाळता आलं तर सर्वात बरं, कारण मलेरिया तिच्यावर आणि पोटातल्या बाळावर जास्त कठीण जातो. नणंदेचं लग्न असलं तरी. मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं, मोठ्याची गोळी अर्धी मोडून देणं हा हिशेब नव्हे.

आता घेण्याची पद्धत. आपाला पहिल्या दोन दिवसांत छातीत जळजळ झाली होती. ती गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवी होत होती. डॉक्सीसायक्लिन अन्ननलिकेत अडकली तर तिथं चट्टा पडतो. पोटभर जेवणानंतर, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा-पाऊण तास बसून राहावं. दूध, ॲसिडिटीचं औषध, लोहाच्या गोळ्या यांच्यासोबत घेऊ नये, दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. गंमत म्हणजे ती दुसरी महागडी गोळी दुधाबरोबर किंवा तूप-तेलाच्या जेवणाबरोबरच घ्यायची असते, तशी ती अंगी लागते. डॉक्सीसायक्लिनने काहींची त्वचा उन्हात लवकर भाजते. आपाला बुरख्यामुळे ते जाणवलं नाही, दुल्हेभाईंचं नाक मात्र सोलून निघालं होतं.

प्रवास रमजानमध्ये असेल तर? हा प्रश्न मला एका भगिनीने विचारला होता. मुसाफिराला रोजा पुढे कजा करण्याची सवलत आहेच. ज्याला तरीही ठेवायचा आहे त्याच्यासाठी गोळी दिवसातून एकदाच असते, ही सोय आहे. इफ्तारनंतरच्या जेवणावर घ्यावी. सहेरीला घेऊन, नमाज पढून लगेच झोपायची सवय असेल तर सहेरीची वेळ या गोळीला बरी नाही, कारण वर सांगितलंच. रोज एकच वेळ ठेवावी.

गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी नको, असंही नाही. कुठलीच गोळी शंभर टक्के खात्रीची नाही. मलेरियाचा डास मगरिबपासून फजरपर्यंत चावतो. म्हणजे नेमकं जेव्हा आपण बाह्या वर सारून, पाय उघडे ठेवून वुजू करतो तेव्हा. मोंबासाच्या घरातला नळ अंगणात होता, असं आपा सांगते. वुजू झाल्यावर हातापायांना डास पळवायचं मलम लावावं, बाह्या खाली कराव्यात, मोजे घालावेत.

इथं मला दुल्हेभाईंच्या थोरल्या भावाची आठवण होते. ते लहानपणी दहा वर्षं मोंबासालाच होते. आम्ही गोळ्या आणल्या तेव्हा ते हसले. "तिथल्या डासांनी मला दूध पाजलंय म्हण ना! आपल्याला काय होतंय?" असं म्हणणारा बुजुर्ग प्रत्येक घरात असतो. लहानपणी वारंवार मलेरिया झालेल्यांच्या अंगात थोडी ताकद येते, हे खरं आहे. पण ती टिकत नाही. काही वर्षं त्या भागापासून दूर राहिलं की ती जाते, आणि चाळीस वर्षांनी परत जाणारा माणूस तिथल्या डासासाठी नवखाच असतो. पाहुणा म्हणून हॉटेलात उतरणारा गोरा प्रवासी गोळ्या नेमाने घेतो. आपण मात्र आपल्याच माणसांच्या घरी चाललोय, तिथं औषध कसलं, असं समजून जातो. यजमानांसमोर गोळी काढायलाही लाज वाटते, जणू त्यांच्या घराला नाव ठेवतोय.

दुसरा बुजुर्ग म्हणतो, मलेरिया काय आपल्याकडे नव्हता? होता की. माझ्या लहानपणी फवारणीवाले घराच्या भिंती पांढऱ्या करून दारावर तारीख लिहून जायचे. बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेणारा आरोग्यसेवक आला की आम्ही पोरं माळ्यावर लपायचो. कडू क्लोरोक्विन सगळ्यांनी गिळली आहे. पण पूर्व आफ्रिकेत ते क्लोरोक्विन १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच फाल्सिपेरमवर निकामी ठरू लागलं. कपाटातली जुनी पट्टी बरोबर नेऊन उपयोग नाही. आणि तिथला प्रकार मुख्यतः हा जीवघेणा फाल्सिपेरमच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यांतली शंभरातली पंच्याण्णव आफ्रिकेतली, आणि त्यांतही बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. त्या मुलांसाठी आता लस निघाली आहे. त्यांपैकी एक लस आपल्या पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. पण ती तिथल्या बाळांसाठी आहे, लग्नाला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी नव्हे. आपल्यासाठी गोळीच.

सगळ्या प्रवासाला गोळी लागते असंही समजू नका. उमरा आणि हजला जाणाऱ्यांनी विचारलं होतं म्हणून सांगते, मक्का, मदिना, जिद्दा इथं मलेरियाचा धोका नाही, दुबईतही नाही. नैरोबी उंचावर आहे, त्या शहरात धोका फारच कमी. पण नैरोबीला उतरून कुणी तिथंच थांबतं का? मामूंकडे किसुमूला, नाही तर समुद्रकाठी मोंबासाला जाणं होतंच. डॉक्टरांना पूर्ण रस्ता सांगावा, फक्त विमानतळाचं नाव नव्हे.

पिवळं कार्ड मी परवा पुन्हा काढून पाहिलं. व्यवस्थित आहे, शिक्का आहे, सही आहे. ते विमानतळावर तपासतात म्हणून आम्ही जपलं. गोळ्या घेतल्या का, हे जगातला कुठलाच अधिकारी विचारत नाही. परतल्यानंतरचे अठ्ठावीस दिवस तर मुळीच नाही. तेव्हा तब्येत ठणठणीत असते, पाव्हणे भेटायला येत असतात, तिकडचे खजूर वाटणं चाललेलं असतं, आणि त्या गडबडीत निरोगी माणसाला रोज रात्री गोळी गिळायची असते. अवघड आहे ते. मला माहीत आहे. पण एक सोपी गोष्ट आहे, ती तरी सर्वांनी करावी. आफ्रिकेतून आलेल्याला वर्षभरात कधीही ताप आला, तर गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरीही, दवाखान्यात बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच म्हणायचं की मी अमुक महिन्यात तिकडे जाऊन आलो आहे, मलेरियासाठी रक्त बघा. पहिल्या काचेत दिसलं नाही आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासायला सांगायचं. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

दुल्हेभाई रुग्णालयात असताना भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी आपाला म्हटलं, तुझा अल्लाहवर भरवसा कमी पडला की काय, गोळ्या मोजत बसलीस. आपा थकलेली होती. तरी म्हणाली, "भरवसा आहे, तरी रात्री दाराला कडी लावतेच ना मी." आणि उरलेल्या तेरांपैकी एक गोळी, जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर घेतली. मधली एक रात्र धावपळीत चुकली होती, ते त्या डॉक्टर मुलीला विचारून तिने पुढे चालू ठेवलं आणि सगळ्या संपवल्या.

मी उर्दू शिकवते, म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. मोंबासाच्या स्वाहिलीत औषधाला 'दावा' म्हणतात आणि प्रवासाला 'सफारी'. दोन्ही आपलेच शब्द, अरबीतून समुद्रावरून तिकडे गेलेले. आपाने ते तिकडच्या भाच्याकडून शिकून घेतले आणि आता घरात गोळीला सगळे 'दावा'च म्हणतात.

या डिसेंबरात भाच्याच्या घरी पाळणा हलणार आहे, दुल्हेभाई पुन्हा निघालेत. या वेळी मुक्काम अठरा दिवसांचा. मी चौकटीचं पान घेऊन गेले, तर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं आणि पट्टी मागितली. दोन, अठरा, अठ्ठावीस. अठ्ठेचाळीस चौकटी त्यांनी स्वतः आखल्या. विसाव्या चौकटीनंतर लाल पेनाने एक आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली लिहिलं, 'घरी आलो'. मग पान उलटून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "बेरीज तपासा."